त्रेसष्ट तक्ते आणि एक चेहरा

मी, प्रेमिला प्रेमानंद गणवीर, माहेरची प्रेमिला धोंडबा सोमकुवर, वय वर्षे ६८, सेवानिवृत्त, राहणार हुडकेश्वर, नागपूर, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि स्वतःच्या मर्जीने माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचा धाक नाही. गेली चार वर्षे माझा उजवा हात थरथरतो. हा कंपवात आहे, त्याचा बुद्धीशी संबंध नाही, असा डॉ. गौरांग देव यांचा दाखला सोबत जोडला आहे. तेव्हा सही वाकडी दिसली म्हणून कोणी शंका काढू नये. मजकूर मी तोंडी सांगितला, वकिलांकडच्या टंकलेखकाने लिहून घेतला आणि मला दोनदा वाचून दाखवला. अ‍ॅड. सौरव ढोबळे यांनी बरीच वाक्ये कायद्याला नको आहेत म्हणून काढायला सांगितली. ती मी राहू दिली आहेत. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझ्याविषयी

माझे वडील धोंडबा सोमकुवर गिरणीत मागावर होते. १९५६ साली आईवडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या पोटात होते. दर एप्रिलला वस्तीच्या मिरवणुकीचा कापडी फलक वडील स्वतः लिहीत, निळ्या रंगात. मी कापडाचे टोक ताणून धरायची. लिहून झाले की ते मला रस्त्याच्या पलीकडे पाठवत आणि ओरडून विचारत, "तिथून वाचता येते का वं?" येते म्हटले की काम संपले. सुंदर आहे का, असे त्यांनी एकदाही विचारले नाही.

मी चित्रकलेची पदविका घेतली आणि मार्च १९८१ मध्ये येथील एका वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीला लागले. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. विभाग शरीररचनाशास्त्र. नेमणुकीच्या आदेशात पदाचे नाव होते "कलाकार", वर्ग तीन. इतरांना लोक कलाकार म्हणतात, मला तसा शासनाचा लेखी आदेश होता.

काम असे, की टेबलावरच्या देहात जे दिसते ते मुलांना मागच्या बाकावरून कळेल एवढे मोठे काढायचे. जाड कागद, मागून कापड चिकटवलेले, वर-खाली लाकडी पट्टी. यकृत, मूत्रपिंड, हाताच्या शिरा, कानाच्या आतले भाग. पहिला आठवडा मी जेवू शकले नाही. नंतर सवय झाली. १९८३ मध्ये माझे लग्न प्रेमानंद यांच्याशी झाले. ते वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. माझ्या हाताला औषधाचा वास येई. त्यांनी एकदाही तोंड वाकडे केले नाही. २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्याबद्दल एवढेच लिहिते, कारण जास्त सांगायला लागले तर टंकलेखकाला थांबावे लागेल.

कलम २. घर

हुडकेश्वर येथील राहते घर, खाली दोन खोल्या आणि वर एक, माझी मुलगी दीक्षा हिला द्यावे. ती मिहानमध्ये एका कंपनीत कामाला आहे आणि माझ्याजवळ राहते. मुलगा प्रशिक हा वडोदऱ्याला असतो. त्याला घरात वाटा ठेवलेला नाही. हे रागाने केलेले नाही. घर दीक्षाला द्यावे असे त्यानेच पूर्वी कळवले होते. तो मेसेज दीक्षाच्या मोबाइलमध्ये आहे.

कलम ३. बँक

बँकेत जे निघेल ते दोघांत सारखे. यावर अधिक काही सांगायचे नाही.

कलम ४. हत्यारे

माझे निबांचे डबे, बोरूसारखे दोन जुने टाक, तीन शून्यांचे बारीक टोकाचे ब्रश, फळा, टी-पट्टी आणि मोठे भिंग ही सर्व दीक्षाची मुलगी दीप्ती हिला द्यावीत. ती अकरा वर्षांची आहे. भिंगाने ती वाळली पाने जाळते. जाळू द्यावीत. तिने चित्रे काढलीच पाहिजेत असे कोणी तिला सांगू नये.

कलम ५. एक पत्र

गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात, निळ्या फाइलमध्ये १९८९ सालचे एक पत्र आहे. ते शहरातल्या एका कलासंस्थेकडून आलेले आहे. ती संस्था आता चालत नाही, म्हणून तिचेही नाव लिहीत नाही.

त्या वर्षी मी त्यांच्या वार्षिक प्रदर्शनासाठी माझा एक तक्ता पाठवला होता, हृदयाचा, पुढून कापलेला. प्रवेश-अर्जावर चार चौकटी होत्या: चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण, उपयोजित कला. मी बराच वेळ विचार केला आणि चौथ्या चौकटीत खूण केली. मला वाटले, माझे काम उपयोगाचे आहे, मग उपयोजित. तीन आठवड्यांनी तक्ता परत आला. पत्रात लिहिले होते, की उपयोजित कलेत जाहिरात, मुखपृष्ठ, भित्तिपत्रक इत्यादी येते, आपले काम शास्त्रीय तक्ता असल्याने कोणत्याही वर्गात बसत नाही.

मी ते पत्र प्रेमानंदांना दाखवले. ते म्हणाले, "वर्गात बसत नाही म्हणजे का? शाळेतले पोट्टे आहेत का हे?" आम्ही दोघेही हसलो. मी रात्रभर रडत बसले वगैरे असे काही झाले नाही. पण त्यानंतर मी कुठेही काही पाठवले नाही. पुढे प्रशिक म्हणाला, की आई घाबरली. घाबरले नव्हते. चौकट सापडली नव्हती.

हे पत्र कोणाला देण्याची गरज नाही. रद्दीत घालावे. त्याची नोंद एवढ्यासाठीच केली, की ते इतकी वर्षे मी सांभाळले हे माझ्या मुलांना सापडेल तेव्हा त्यांनी त्याचा भलता अर्थ लावू नये.

कलम ६. जागेश्वर पराते यांचा चेहरा

पेन्सिल आणि शाईने काढलेले, दीड फूट उंच, काचेच्या चौकटीतले एका पुरुषाचे चित्र माझ्या ताब्यात आहे. ते माझे नाही. ते कसे आले ते सांगते.

१९९४ च्या थंडीत विभागात एक बेवारस देह आला. कागदावर "अनोळखी इसम, वय अंदाजे पंचेचाळीस" एवढेच. मला मानेच्या स्नायूंचा तक्ता करायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायचे होते. मी आदल्या दुपारी जागा पाहायला म्हणून गेले आणि मान काढता काढता वर सरकले. हनुवटी, मग ओठ, मग सगळा चेहरा. तेरा वर्षांत मी कधी चेहरा काढला नव्हता. तक्त्याला चेहरा लागत नाही. तक्त्यातले यकृत कोणा एकाचे नसते, दहा यकृते पाहून त्यांचे एक करायचे असते, म्हणजे मुलांना कोणतेही ओळखता येते. हा चेहरा मात्र त्या एकाचाच होता. आणि मी त्याचे डोळे उघडे काढले. का काढले ते मला आजही सांगता येणार नाही. मिटलेले जमेनात.

विभागप्रमुख सर मागे येऊन उभे होते ते मला कळले नाही.

"गणवीरबाई, डोळे उघडे कुठे पाहिलेत तुम्ही?"

"नाही पाहिले सर."

"मग हे शास्त्र नाही."

"नाही सर."

"मग काय आहे?"

मी पेन्सिल खाली ठेवली. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद फाडायला सांगितले नाही. ते म्हणाले, "तक्त्यांच्या कपाटात ठेवू नका. वेगळे ठेवा." मी ते माझ्या खणात ठेवले.

आठ महिन्यांनी उमरेडहून एक बाई आली, रंभाबाई पराते. तिचा नवरा जागेश्वर विणकर होता. माग बंद पडले तेव्हा तो ट्रकवर माल चढवण्याच्या कामाला नागपूरला आला आणि मग त्याचा पत्ता लागेना. पोलीस ठाण्यात तिला एक फोटो दाखवला होता. त्यात चेहरा इतका सुजलेला होता, की तिला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. फिरत फिरत ती आमच्या विभागात पोहोचली. देहाचे तोपर्यंत काही उरलेले नव्हते, सरकारी नियमाप्रमाणे अंत्यविधी होऊन गेला होता. शिपायाला माझे चित्र माहीत होते. तो तिला माझ्या खोलीत घेऊन आला.

मी कागद टेबलावर ठेवला. तिने पदराने हात पुसले, मग जवळ आली.

"हे कोनं काढलं वं बाई?"

"मी."

"तुमी पायलं होतं त्याईले? जिते असताना?"

"नाही."

ती वाकून पाहू लागली. मला वाटले ती रडेल. ती म्हणाली, "डोये चुकले तुमचे. डावा असा नोहोता. लहानपनी धोटा लागला होता डोयाले, तवापासून बारीकच होता."

धोटा म्हणजे मागावर ताण्याच्या धाग्यांतून इकडून तिकडे धावणारी लाकडी नळी. मी पेन्सिल घेतली. डाव्या पापणीची रेघ खाली आणली.

"अजून."

मी अजून आणली.

"अजून थोडी. हां. आता भिवई त्याच्यावर थोडी चढली पाह्यजे, ते पायताना भिवई चढवत." मी भुवई चढवली. रंभाबाई एक पाऊल मागे सरकली आणि मग एकदम खाली बसली. "आता पाहा," ती म्हणाली, "आता माह्याकडंच पाहून राहिले."

मी चौदा वर्षे ज्याला चूक म्हणत आले होते, म्हणजे न पाहिलेले काढणे, ते तिने बरोबर करून घेतले, आणि करून घेताना एकदाही विचारले नाही की हे शास्त्र आहे की काय आहे. पापणीची ती रेघ मी आयुष्यात काढलेली सर्वांत चांगली रेघ आहे. ती मी काढली असेही पूर्ण म्हणता येत नाही.

मी चित्र गुंडाळून तिला देऊ लागले. तिने घेतले नाही. "घरी नेऊन का करू? पोरगी लहान आहे, घाबरन. तुमच्यापाशीच राहू द्या. मी येत जाईन." आणि ती येत गेली. दर वर्षी थंडीत एकदा, सोळा वर्षे. खोलीत स्टुलावर बसायची, चित्र समोर ठेवून घ्यायची, सोबत आणलेली भाकर खायची आणि उमरेडच्या गाडीची वेळ झाली की उठायची. ती चित्र पाहायला येते की नवऱ्याला भेटायला, हे मी तिला कधी विचारले नाही. यात काही फरक आहे असे तिला वाटत नव्हते, आणि तिच्यासमोर बसले की मलाही वाटत नसे. २०११ मध्ये ती आली नाही. तिची मुलगी पुष्पलता हिचे पत्र आले.

हे चित्र पुष्पलता हिला द्यावे. ती उमरेडला असते, पत्ता निळ्या फाइलमध्ये आहे. ते भिंतीवर लावायचे, पेटीत ठेवायचे, की कुठे दाखवायचे, हे ती ठरवील. अ‍ॅड. ढोबळे यांनी विचारले होते, "मॅडम, हे कोणत्या सदराखाली टाकू? घरगुती वस्तू, की मौल्यवान वस्तू?" मी म्हटले, दोन्हीत नको, वेगळे कलम करा. ते म्हणाले, "पण त्याले नाव तर द्याच लागन." म्हणून त्या माणसाचेच नाव दिले आहे.

कलम ७. त्रेसष्ट तक्ते

जानेवारी २०१५ मध्ये मी निवृत्त झाले. नोकरी तेहतीस वर्षे दहा महिने. माझ्यानंतर ते पद भरले गेले नाही. पडद्यावर सगळे दाखवता येऊ लागले होते. त्याच वर्षी विभागाने माझे तक्ते मोडक्या स्टुलांबरोबर "निरुपयोगी फर्निचर व इतर" या शीर्षकाखाली निकालात काढले. त्यांतले त्रेसष्ट मी लेखी परवानगीने घरी आणले. परवानगीची प्रत जोडली आहे. ते तक्ते माझे आहेत याबद्दल वाद नसावा.

आता प्रशिकविषयी लिहिणे भाग आहे.

प्रशिक लहानपणी वडिलांच्या गोदामातल्या जुन्या बिलांच्या पाठीवर चित्रे काढायचा. मी त्याला कधी शिकवले नाही, फक्त कागद पुरवले. तो कलामहाविद्यालयात गेला. वीस वर्षांचा असताना एकदा जेवताना म्हणाला, "आई, तू जे करते ते इलस्ट्रेशन आहे. आर्ट नोहोय."

मी विचारले, "काहून?"

"कारण तुह्या तक्त्याले स्वतःचं काही सांगाचं नसते. ते फक्त दाखवते. लिव्हर दाखवलं, झालं काम."

"आणि आर्ट?"

"आर्ट पाहनाऱ्याले अडवते."

मी त्याला वाढत होते. वाढतच राहिले. त्याचे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते, हाच त्रास होता. मी खरोखर तेहतीस वर्षे न अडवण्याचा प्रयत्न केला. रेघ इतकी स्वच्छ, की मुलाची नजर रेघेवर थांबू नये, सरळ यकृतावर जावी. मी चांगली होते म्हणूनच मी दिसत नव्हते.  त्या वेळी मी एवढेच म्हटले, "डाळ घे."

२०१७ मध्ये तो वडोदऱ्याहून आला आणि म्हणाला, "आई, ते तक्ते पडलेच आहेत ना, मी नेऊ का काही?" मी ने म्हटले. त्याने गुंडाळ्या उघडूनही न पाहता वीसेक नळकांडी नेली. त्यांतल्या एकात जागेश्वर होता. हे मला माहीत नव्हते. निवृत्तीच्या गडबडीत मीच ते चित्र तिथे ठेवले होते.

दोन महिन्यांनी सिव्हिल लाइन्समधल्या एका कलादालनात त्याचे प्रदर्शन लागले. आम्हाला बोलावणे होते. दीक्षा आणि मी गेलो. आत पांढऱ्या भिंती, वरून दिवे, लोक हातात कप घेऊन हळू बोलत होते. आणि भिंतीवर माझे हृदय होते, १९८९ चे, परत आलेले. शेजारी पाटी: "सापडलेले तक्ते, १ ते २०. प्रशिक गणवीर. कागद, शाई, कापड."

मला राग यायला वेळ लागला. हे कोणी मानणार नाही, पण आधी मी पाहत उभी राहिले. वर्गात लावलेला तो तक्ता मी शेकडो वेळा पाहिला होता, पण तो कोणी पाहत नव्हते, त्यातून पलीकडे पाहत होते. इथे एक मुलगी नाक लावून माझ्या महारोहिणीची कड पाहत होती. त्या हृदयाचे टोक जरा जास्त डावीकडे कललेले आहे. ते एका बाईचे होते, आणि सरळ करायचे असूनही मी ते सरळ केले नव्हते. हे मी विसरून गेले होते. त्या भिंतीवर मला ते परत दिसले. प्रशिकने काही न करता माझे काम मला दाखवले. एवढे श्रेय त्याचे आहे आणि ते मी इथे लिहून देते.

मग शेवटच्या भिंतीकडे गेले. तिथे जागेश्वर होता, काचेत. पाटीवर लिहिले होते, "अनाम पुरुष". खाली एक तांबडी टिकली चिकटवलेली. दीक्षाने सांगितले, टिकली म्हणजे कोणीतरी विकत घेतले.

मी चौकट दोन्ही हातांनी उचलली आणि खिळ्यावरून काढली.

प्रशिक धावत आला. "आई, तू का करून राहिली? सगळे पाहून राहिले."

"पाहू दे. पाहासाठीच लावलं ना?"

"हे माहं काम आहे!"

"यात तुह्यं का आहे?"

"मी निवडलं. मी इथं लावलं. तुह्या नळकांड्यात पडून होतं तवा कोनी पाहत होतं का त्याले?"

"पाहत होती. सोळा वर्षं एक बाई पाहत होती. आणि याले नाव आहे. जागेश्वर पराते."

 तो हळू आवाजात म्हणाला, "तू सांगतलं कधी?"

खरे आहे, मी सांगितले नव्हते. रंभाबाईबद्दल मी घरात कधी बोलले नव्हते. प्रेमानंदांनाही अर्धेच माहीत होते. मला वाटायचे, विभागातले विभागात राहावे. त्या दिवशी मात्र हे कबूल न करता मी आणखी मोठ्याने बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. दीक्षाने ऑटो बोलावला आणि मी चौकट मांडीवर घेऊन घरी आले. बाकीचे तक्ते प्रदर्शन संपल्यावर त्याने दीक्षाच्या हाती परत पाठवले.

त्यानंतर आठ वर्षे प्रशिक घरी आला नाही. जयंतीला फोन येई. "जय भीम, आई." "जय भीम. बरा आहेस?" "हो." बस. माझा हात थरथरू लागला हेही त्याला दीक्षाकडून कळले.

म्हणून हे कलम असे: वरील त्रेसष्ट तक्ते प्रशिक यास द्यावेत. अटी दोन. पहिली, जिथे कुठे लावेल तिथे माझे पूर्ण नाव लिहावे, आणि "सापडलेले" हा शब्द लिहू नये. ते हरवलेले नव्हते. दुसरी, कोणी शिकणारा मुलगा किंवा मुलगी मागायला आली तर भिंतीवरून काढून द्यावेत, मग ते काही काळ कला राहिले नाहीत तरी चालेल. दीक्षाने विचारले, इतके होऊनही त्यालाच का? कारण ते भिंतीवर लावावेत असे दुसऱ्या कोणालाही कधी वाटले नाही.

कलम ८. देह

माझा देह मृत्यूनंतर मी जिथे नोकरी केली त्याच विभागाला द्यावा. कोणताही विधी नको. त्रिशरण-पंचशील म्हणावे, तेही घरीच. मुलांनी हरकत घेऊ नये. मी चौतीस वर्षांच्या आसपास दुसऱ्यांच्या देहावर पोट भरले आहे.

हे मृत्युपत्र मागच्या महिन्यातच पुरे झाले होते. सातव्या कलमापर्यंत सगळे ठरले होते आणि हे आठवे दोन ओळींचे होते. दीक्षा वकिलांकडून मसुदा आणायला गेली आणि तिने मला न सांगता त्याचे फोटो प्रशिकला पाठवले. तिसऱ्या दिवशी तो दारात उभा होता. दाढीत पांढरे केस.

त्याने चहा घेतला आणि म्हणाला, "आई, एक दुरुस्ती आहे. तुह्यं नाव होतं. कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर. 'आईचे आभार' असं."

मी कॅटलॉग कधी उघडलाच नव्हता. मी म्हटले, "आभार चहावाल्याचे मानतात. चित्र काढनाऱ्याचं नाव लिहितात."

 तो वाद घालेल असे मला वाटले होते, निदान तशी तयारी तरी मी करून बसले होते. तो मात्र उठून वरच्या खोलीत गेला. तिथे त्याने तक्ते एकेक करून जमिनीवर पसरले आणि दोन दिवस त्यांच्यात बसून राहिला. मधूनच खाली येऊन विचारायचा, हा कोणत्या साली, हा देह पुरुषाचा की बाईचा, ही निळी शाई कुठून आणली. मी आठवेल तेवढे सांगितले. प्रत्येक पट्टीच्या मागे त्याने पेन्सिलने साल घातले. रंभाबाईचीही सगळी गोष्ट त्याने विचारून घेतली आणि ऐकताना एकदा म्हणाला, "मी तेव्हा 'अनाम' काहून लिहिलं, मलेच समजत नाही." मी म्हटले, "तुले माहीत नव्हतं." तो म्हणाला, "विचारता तर आलं असतं."

तिसऱ्या दिवशी देहदानाचा अर्ज भरायचा होता. माझ्या हाताने चौकटीत अक्षर बसत नाही, म्हणून प्रशिक लिहायला बसला. नाव, वय, पत्ता, रक्तगट मी सांगत गेले. मग दीक्षाने हाक मारली म्हणून मी आत गेले. परत आले तेव्हा अर्ज पूर्ण भरलेला होता. सही करण्यासाठी मी चष्मा लावून वरून खाली वाचत आले. "व्यवसाय" या रकान्यात मी सांगितलेले काही नव्हते. सांगायचे असते तर "सेवानिवृत्त" सांगितले असते. तिथे त्याने ठळक अक्षरांत लिहिले होते, "चित्रकार".

पटून लिहिले, की आईचे वय झाले म्हणून लिहिले, ते मी विचारले नाही. तो खाली पाहत पेनाचे टोपण लावत होता. मी खोडले नाही. खाली सही केली.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दीक्षा हिने करावी. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवण्यात आला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि त्यात यापुढे मला काही घालायचे किंवा काढायचे नाही. खालील दोघांच्या समक्ष मी सही केली आणि माझ्या समक्ष त्या दोघांनी.

ठिकाण: हुडकेश्वर, नागपूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही)
प्रेमिला प्रेमानंद गणवीर

साक्षीदार

१. (सही) डॉ. गौरांग देव, वैद्यकीय व्यवसाय, राहणार नागपूर. सही करणाऱ्या बाईंना मी सहा वर्षांपासून तपासतो. सही करताना त्यांनी माझी मदत नाकारली.

२. (सही) भूपेश निखारे, शेजारी, राहणार हुडकेश्वर, नागपूर. मजकूर मी वाचलेला नाही. बाईंनी सही माझ्यासमोर केली. सहीला चार मिनिटे लागली, आणि एकही रेघ त्यांनी पुन्हा गिरवली नाही.